विहिणीची साडी

मानवतच्या बाजारात बन्सीधर शेठचं कापडाचं दुकान होतं. बायांना गडीमाणसासमोर धड बोलता येत नाही, म्हणून त्यांनी पार्वतीबाईला कामावर ठेवलं. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो वारल्यावर घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं. सत्याऐंशी साली तिला दुकानात चार वर्षं झाली होती. दिवसभर गादीवर बसायचं, साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या आणि गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं.

आखाडातली दुपार होती. झरीच्या तात्यारावांची जीप दुकानापुढं थांबली. त्यांची बायको कमलबाई उतरल्या त्याच तावातावानं. वैशाखात लेक शालनच्या लग्नाचा सगळा बस्ता त्यांनी इथूनच बांधला होता.

"ही साडी वापस घ्या!" त्यांनी पिशवीतली जरीची साडी पार्वतीबाईच्या अंगावरच टाकली. "रंग उतरायलाय. सडका माल गळ्यात मारता व्हय?"

दुकानात पाचसहा बाया होत्या. सगळ्या बघायला लागल्या.

"बगते ना, अक्का. बसा, पानी घ्या."

"मला पानी नको. शेठ, असली बाई काहून ठेवली? काढून टाका हिला!"

बन्सीधर शेठ लगबगीनं उठले. "पार्वतीबाई, माफी मागा. मोठं घर हाय त्यांचं."

पार्वतीबाईनं साडीचा पदर उलगडला. आतल्या बाजूला हळदीचा वीतभर डाग होता. निऱ्यांच्या चुण्याही तशाच होत्या. घडी मोडलेली साडी होती ती. डाग चारचौघींना दाखवला असता, तर कमलबाईला खाली मान घालून जावं लागलं असतं. राग तर आलाच होता. पण कमलबाईचं लक्ष त्या डागावरच होतं. पार्वतीबाईनं डाग आत घेऊन साडी दुमडली.

"माजी चुकी असंल तर माफी मागीन, शेठ. आदी आत उजेडात बगू द्या. या, अक्का."

मागच्या खोलीत तिनं खिडकीपाशी साडी पसरली. "अक्का, रंग कुटं उतरलाय? ही तर नेसलेली हाय."

"म्या न्हाई नेसले." कमलबाई मटकन खाली बसल्या. "विहिनीची मानाची साडी हाय. हळदीला दिवसभर मिरवली अन् परवा वापस धाडली. म्हने, असली लुगडी आमच्या घरी गड्याच्या बायका नेसतात. दुसरी भारी साडी आना, तवा पोरीला पंचमीला धाडू."

"अन् शालन?"

"काय सांगू? चिठ्ठीत एकच वळ. आई, येऊन जा."

पार्वतीबाईनं साडी पुन्हा दुमडली. मग म्हणाली, "साडी वापस घेता येनार न्हाई. दुसरी भारी दाखवते, दुकानाचा धंदाच हाय. पन खरं सांगू? दुसरी बी वापस येईल."

कमलबाईनं डोळ्याला पदर लावला. "मग काय करू?"

"साडीचं मागनं बगा. पोरीनं बोलावलंय तर आदी पोरीकडं जा."

कमलबाई बाहेर आल्या. बाया अजून तिथंच होत्या. कमलबाई बन्सीधर शेठसमोर थांबल्या. "साडी चांगली हाय. माजंच चुकलं. हिला काई बोलू नका." एवढं कसंबसं म्हणून त्या साडी घेऊन जीपमध्ये बसल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या तात्यारावांना घेऊन लेकीच्या सासरी गेल्या. विहिणीनं दारातच विचारलं, साडी कुठं? तात्याराव म्हणाले, लेक न्यायला आलोय, साडी द्यायला नाही. बरीच बोलाचाली झाली. शेवटी जावईच पुढं झाला आणि म्हणाला, "घेऊन जा मामा, पंचमी झाली की मी न्यायला येतो."

पंचमीच्या आधी कमलबाई शालनला घेऊन दुकानात आल्या. पोरीचं तोंड उतरलेलं होतं, पण हसली. कमलबाईचा तोरा मात्र तसाच. हा काठ नको, तो रंग नको, वरच्या फळीवरचं काढ, म्हणत त्यांनी चाळीसेक साड्या उलगडायला लावल्या आणि एक घेतली.

त्या गेल्यावर पार्वतीबाई ढिगाकडं बघत म्हणाली, "लय दमवलं बगा या बाईनं."

आणि घड्या घालायला बसली.