पेटीला हुंकार

आमच्या मार्गासनी गावात कुनी गोष्ट सांगाया बसलं की समोर हुंकार द्याया आमचं मालक. गाव म्हनायचं, कोंडिबानं "हं" म्हनल्याबिगर गोष्ट म्होरं सरकायची न्हाई, असा मान. घरात काडीचं काम न्हाई, पन हुंकारात त्यांचा हात कुनी धरनार न्हाई.

भोरच्या कचेरीतलं गंगाधरपंत मोजनीला आलं, तवा चावीचा फोनो, चावी दिली की बोलनारी पेटी, घिऊन आलं. देवळाच्या वट्यावर घोंगडं अंथरलं, वर पेटी ठिवली, तिला आवाजाचा भोंगा, कर्ना, बसवला. पंतांनी बजावलं, समद्यांनी गप बसून ऐकायचं. आता गं बया! गप बसल्यावर मानूस ऐकतोय का झोपलाय, हे सांगनाऱ्याला कळावं कसं?

तबकडीतला बाप्या राजाची गोष्ट सांगाया लागला. मालक म्होरं सरकून "हं" म्हनलं. त्यो मेला थांबायचं नाव घीना. हुंकार भलत्याच जागी पडाया लागला. शेवटी मालकांनी रागानं तोंड मिटलं, आन नेमका तवाच बाप्याचा आवाज जाड झाला, रेंगाळला, बंद पडला.

"बघा," चिमाजी पाटील म्हनलं, "हुंकार न्हाई तर गोष्ट न्हाई."

पंत कानीकपाळी वरडत हुतं, चावी उतरली म्हनून. कोन ऐकतंय! त्यांनी चावी दिली, तेवढ्यात मालकांनी "हं" केलं, पेटी बोलली. गावानं मालकांना पानसुपारी दिली. पंत लालबुंद झालं. म्हनलं, आता चावी पुरी देतो, कोंडिबानं तोंड मिटून बसावं, हून जाऊ द्या.

मालकांनी तोंडावर उपरनं दाबलं. समदं गाव राजाला सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत बसलं. राजा शिकारीला गेला, हरवला, घावला. तबकडी सपली. कुनी हसलं न्हाई, त्येच वाईट. पाटील हळूच म्हनलं, आता आपल्याला बी गप बसाया शिकलं पायजे.

मालक घरी आलं आन ताट सारून बसलं. ह्यो मानूस जल्मभर गावाला "हं" म्हनत आला, आन ह्याचं बोलनं म्या कदी धड ऐकलं न्हाई. भांडी आदळत ऱ्हायले.

"त्याला माजी गरजच न्हवती," मालक म्हनलं.

म्या चुलीम्होरनं उठले, त्यांच्या समोर जाऊन बसले.

"हं," म्या म्हनलं.

ते दचकून बघत ऱ्हायलं. मग राजाची गोष्ट पैल्यापासनं सांगाया लागलं. तव्यावरली भाकरी करपली, वास घरभर झाला, पन उठता येईना. हुंकार चुकला असता.