दोन मीटरचा फरक

माझी धाकटी जाऊ आमच्याच कार्यालयात नोकरीला लागली, तेव्हापासून घरी आणि कामावर मला एकच तोंड बघावं लागतंय. वीस वर्षं मी किनाऱ्याच्या भिंती बांधल्या. समुद्र चढत गेला तशी भिंतही चढवत नेली. ही बाई आली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "भिंत पाडू या. उतरत्या पायऱ्या करू, त्यांवर खारफुटी लावू. झाडं लाटेचा जोर मोडतील, गाळ धरतील, पाण्याबरोबर किनाराही उंच होत जाईल." साहेब खुर्चीत पुढे सरकले. माझ्या भिंतीबद्दल ऐकताना त्यांनी कधी जांभईसुद्धा लपवली नव्हती.

घरीही तेच. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "धाकटी समुद्रात जंगल लावतेय." आणि मी इतकी वर्षं काय वाळूचे किल्ले करत होते? जळफळाट होत होता माझा, उगाच कशाला लपवू.

सासूबाई आजारी पडल्या त्याच आठवड्यात तिचा नकाशा तपासणीला माझ्याकडेच आला. चूक दुसऱ्या मिनिटाला दिसली. बंदराच्या नकाशातलं शून्य म्हणजे सगळ्यात खोल ओहोटीची पातळी. आमच्या खात्याचं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. दोन्हींत दोन मीटरचा फरक. हिने आकडे आमचे घेतले होते आणि नकाशा बंदराचा. म्हणजे पायऱ्या दोन मीटर खाली जाणार आणि रोपं दिवसाचा बहुतेक वेळ पाण्याखाली राहणार. पेन्सिलीची एक खूण पुरली असती. मी ती केली नाही, खाली सही केली.

पायऱ्या बांधून झाल्या आणि लावणीनंतर चार महिन्यांत नऊ हजार रोपं कुजली. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "नकाशा तपासला कोणी?"



"कोणीच नाही," ती म्हणाली. "घाईत मी तपासणीला दिलाच नाही."

प्रकल्प तिथल्या तिथे तिच्याकडून काढून घेतला.

घरी येताना गाडीत तिने माझ्या सहीचा तो नकाशा माझ्या मांडीवर ठेवला. "फाडून टाका, ताई. तेव्हा आईंच्या आजारपणात तुमची किती धावपळ चालली होती. लक्ष नसेल राहिलं. दोघींनी कशाला बोलणी खायची?"

रडून तिचे डोळे सुजले होते, तरी माझ्याबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता. मी नकाशाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. खरं काय ते त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की हे सासूबाईंना कळलं तर त्या पुन्हा हिचंच कौतुक करतील.