पडदे ओढलेली बस

लिथुआनियाहून परतल्यावर पहिल्याच सोमवारी पर्ल मॅडमनी आमचा वर्ग शाळेच्या वाचनालयात गोल करून बसवला. रविवारी पालकांसमोर कार्यक्रम होता. सहलीतून आपल्याला काय मिळालं, ते प्रत्येकानं मिनिटभर सांगायचं.

"मनापासून बोला," मॅडम म्हणाल्या. "पण आधी मला ऐकवा."

अशर माझ्या कानाशी पुटपुटला, "म्हणजे मनसुद्धा तपासून घ्यायचं."

जोहान्सबर्गच्या आमच्या ज्यू शाळेतली बहुतेक घरं मूळची लिथुआनियाची. कुणाचे पणजोबा, कुणाचे खापरपणजोबा बोटीत बसून इकडे आले, म्हणून आम्ही आहोत. जे मागे राहिले त्यांना युद्धात नाझींनी मारलं; ते तिकडच्या जंगलातल्या खड्ड्यांत आहेत. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं आणि अकरावीत शाळा ते बघायला नेते.

एकेक जण बोलत गेला. कुणी म्हणालं अभिमान वाटला, कुणी म्हणालं आयुष्य बदललं. मॅडम मान हलवत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "रोनित, तू?"

"मला वार्नेलची नदी बघायची होती. ती दिसली नाही."

दोघीतिघी फिसकन हसल्या. पण मी विनोद करत नव्हते.

वार्नेल हे माझ्या झेडाच्या वडिलांचं गाव. झेडा म्हणजे आजोबा, आईचे वडील. त्यांचा जन्म इथलाच, गाव त्यांनी कधी पाहिलं नाही. पण त्यांचे वडील सांगायचे की गावची नदी एवढी रुंद, की पलीकडच्या माणसाची हाक अलीकडे यायची नाही. झेडांना यावर विश्वास ठेवावा की नाही ते आयुष्यभर कळलं नाही, कारण हेच वडील आपल्यामागे अस्वल लागल्याचंही सांगायचे. निघताना झेडा मला म्हणाले होते, "बाकी सगळं ते लोक तुला दाखवतीलच. तू तेवढी नदी बघून ये. खरंच रुंद आहे का, एवढंच सांग मला."

एवढंच! आणि तेवढंही जमलं नाही.

वार्नेलला जाताना बसमध्ये युद्धावरचा माहितीपट लावला होता. टीव्हीवर ऊन येत होतं, म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते. मी माझ्या खिडकीचा पडदा जरासा सारला, तर पालक समितीचे केगनसाहेब मागून ओरडले, "पोरी, ऊन येतंय! लाव तो!" मी लावला. बस थेट जंगलाशी थांबली. तिथे मृतांसाठीची प्रार्थना झाली. मग चित्रीकरणात वाऱ्याचाच आवाज आला म्हणून केगनसाहेबांनी ती पुन्हा म्हणायला लावली. दुसऱ्या वेळी अशरनं तोंडच उघडलं नाही. नंतर बसमध्येच जेवणाचे डबे, आणि परत. मी गाइडला विचारलं, नदी कुठे लागते? तो म्हणाला, "अगं, येताना पूल नाही का लागला?"

हे सगळं मी वाचनालयात सांगितलं.

"हे प्रवासवर्णन झालं," मॅडम म्हणाल्या. "आत काय झालं ते सांग."

"आत राग आला, मॅडम."

"असं म्हण, की त्या खड्ड्यांपाशी उभी राहिले आणि मी कोण आहे ते मला कळलं."

"ते मला आधीपासूनच माहीत आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. तास संपल्यावर थांब, म्हणाल्या. अशर जाताना म्हणाला, "गेलीस तू आता."

सगळे गेल्यावर त्यांनी दार लावलं. मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते. त्या खुर्चीत बसल्या आणि एकदम भडकल्या, पण माझ्यावर नाही.

"तुला वाटतं मला कळत नाही? माझ्या आईचं गाव त्या जंगलापासून अर्ध्या तासावर आहे. दर वर्षी पोरांना घेऊन जाते मी तिथे. दर वर्षी केगनना म्हणते, एक संध्याकाळ मोकळी ठेवा. ते म्हणतात, कार्यक्रमात बसत नाही. आईला जाऊन चार वर्षं झाली. मी अजून तिचं गाव पाहिलेलं नाही!"

"मग तुम्ही रविवारी सांगा ना," मी म्हणाले.

"मला नोकरी आहे, रोनित." मग म्हणाल्या, "तुला काय बोलायचंय ते तू बोल. आधी मला ऐकवू नकोस."

रविवारी सभागृह भरलं होतं. मी नदीचं सांगितलं, पडद्यांचं सांगितलं, दोनदा म्हटलेल्या प्रार्थनेचंही सांगितलं. टाळ्या पडल्या, पण अगदी चार. चहाच्या वेळी केगनसाहेब आईला म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण जरा कृतज्ञता शिकवा." आई लाल झाली. पर्ल मॅडम पलीकडे कप हातात धरून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण जवळ आल्या नाहीत.

घरी जाताना गाडीत झेडा माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "चारचौघांत तक्रार कशाला केलीस? लोक तुमच्यासाठी एवढी धावपळ करतात."

"तुमच्यासाठीच केली! तुम्हीच तर नदी बघायला सांगितलंत!"

"नदी बघायला सांगितली होती. भाषण करायला नाही."

मला रडूच फुटलं. जंगलात सगळी पोरं रडली तेव्हा माझे डोळे कोरडेच राहिले होते, आणि आता रोजच्या रस्त्यावर सिग्नलला उभ्या गाडीत मी हमसून रडत होते, तेही निव्वळ संतापानं. आईनं आरशातून पाहिलं आणि गाडी पुढे घेतली.

झेडांनी रुमाल दिला. जरा वेळानं अवघडून विचारलं, "पुलावरून जाताना… पूल लांब वाटला का गं? म्हणजे, चाकांचा आवाज बदलतो ना पुलावर. बराच वेळ बदलला होता का?"

मी खूप आठवून पाहिलं. आठवला तो फक्त माहितीपटातल्या माणसाचा आवाज.

"नाही सांगता येत, झेडा."

"बरं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी पर्ल मॅडमनी नाव दिलं नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई जाणार आहेत. कार्यक्रम तोच आहे.