बडखेडीचा सांडवा

दुपारी तेजस्विनी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, पोचली, तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. पण तलाव काठोकाठ भरला होता. उज्जैनजवळच्या बडखेडीत गावकऱ्यांनी श्रमदानाने हा बुजलेला तलाव पुन्हा खोदला होता. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये वाढलेली तेजस्विनी एका संस्थेतर्फे सुरुवातीपासून त्यांच्यासोबत होती.

पाळीच्या पायथ्याशी सकाळी स्वच्छ झिरपणारं पाणी आता गढूळ येत होतं. आतली माती सुटत चालली होती. आणि खालीच वस्ती होती.

"घरं रिकामी करून घ्या," ती तलाव समितीच्या रुकमाबाईंना म्हणाली. "आणि सांडवा आत्ताच मोकळा करायला हवा." रुकमाबाईंनी लगेच वस्तीत निरोप धाडला.

सांडवा म्हणजे तलावाचं जादा पाणी नाल्यात सोडणारी वाट. ती भेरूलालने बुजवून शेतात घेतली होती. तिथे आता शेंगांनी लगडलेलं सोयाबीन उभं होतं. समितीने त्याला टोकलं होतं, पण गावात भांडण नको म्हणून विषय सोडून दिला होता.

भेरूलाल फावडी घेऊन आलेल्यांना आडवा आला. "मेरे खेत में कोई पाँव नहीं रखेगा! फोडायची तर पाळ फोडा."

"पाळ फोडली तर सगळं पाणी एकदम वस्तीवर जाईल, भैया. तुमचं घरही तिथेच आहे," तेजस्विनी म्हणाली.

"मेरी ही फसल दिखी सबको?"

कुणीतरी त्याची कॉलर धरली. रुकमाबाईंनी कॉलर धरणाऱ्याला मागे ओढलं. तेवढ्यात तेजस्विनीचा फोन वाजला. उज्जैनहून आई विचारत होती, "नदीला पूर आलाय, रामघाट बुडालाय गं, निघालीस का?"

"नंतर बोलते, आई."

धप्पकन आवाज झाला. पाळीचा एक लचका खाली कोसळला होता. बायका ओरडल्या.

भेरूलालची बायको सजनबाई पदर खोचून त्याच्या शेजारून शेतात शिरली आणि विळ्याने सोयाबीन कापू लागली.

"बावळी हो गई क्या?" तो ओरडला.

तिने मान वर केली नाही. "तलाव बुजलेला होता तेव्हा उन्हाळाभर डोक्यावरून पाणी तुम्ही नाही वाहिलंत. मी वाहिलंय."

भेरूलालने एकवार पाळीकडे पाहिलं. मग शेजारच्याच्या हातातलं फावडं हिसकावलं. लोक दचकून मागे सरले. त्याने ते जमिनीत खुपसलं.

"इथून जायचं पाणी," तो म्हणाला. "इथून खणा."

सगळे तुटून पडले. वाट मोकळी होताच पाणी सोयाबीन लोळवत नाल्याकडे धावलं. संध्याकाळपर्यंत पायथ्याशी झिरपणारं पाणी निवळलं. पाळ टिकली, पण भेरूलालचं निम्मं शेत गेलं. तेजस्विनी भरपाईचं बोलायला गेली, तर तो म्हणाला, "आज नको, दीदी."

पुढच्या बैठकीला तो आला, दाराशीच बसला. रुकमाबाईंनी प्रत्येक घराने त्याला आपल्या पिकातला वाटा द्यायचा ठराव मांडला. त्याने तो ऐकून घेतला.

"ते द्या," तो म्हणाला, "पण सांडव्याला दगड लावून पक्की हद्द घाला. नाहीतर पेरणीच्या वेळी माझाच नांगर पुन्हा तिकडे वळेल."