चराचं तोंड

टप्.

माठाखालच्या तांब्यात थेंब पडला. दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज. अनू माझ्या मांडीवर झोपलेली. पाण्याकडे कान लावून बसायची सवय मला वर्षभरात लागली होती.

सणसरचं आमचं रान कालव्याखालचं. उसाच्या बुडाशी पांढरं फुटलं तेव्हा आमच्या ह्यांना, म्हणजे अनूच्या आबांना, वाटलं, पाण्यानं धुऊन निघेल. कालव्याच्या कारकुनाच्या विनवण्या करून त्यांनी पाण्याच्या दोन पाळ्या जास्त घेतल्या. मीठ धुतलं गेलं नाहीच, उलट खालचं वर आलं. ऊस पिवळा पडला. मग रानातलं पाणी ओढ्यात काढायला त्यांनी चर धरला, पण तो निम्मा होईतो घरातली जोंधळ्याची कणगी रिकामी झाली आणि ते दूर धरणाच्या कामावर गेले. जाताना म्हणाले, "चराच्या तोंडाला पाणी आलं की कार्ड टाक. त्याच दिवशी निघतो."

उरलेला चर मी आणि शेजारच्या साखरबाईंनी खणला. कमरेएवढा खोल, तळाला गोटे, त्यावर तरवडाच्या फांद्या, मग माती. मी दमले की साखरबाई म्हणायच्या, "अगं, खोरं हाय त्ये, पळी न्हवं! आमटी ढवळतीस व्हय?"

आता त्यांचीच हाक आली, ओढ्याकडून. "यशोदे, पळ! चर मुतायला लागलाय!"

अनूला कडेवर घेऊन धावले. गोट्यांमधून करंगळीएवढी धार ओढ्यात पडत होती. मी बोट बुडवून चाखलं. खारट. रानातलं मीठ निघालं होतं.

"आता धाड कार्ड," साखरबाई पदरानं तोंड पुसत हसल्या. "म्हणावं, तुमी बुडवलं, आमी बायकांनी काढलं!"

मीही हसले. आधी धाडलेलं खुशालीचं कार्ड मागच्याच आठवड्यात पोस्टाचा शेरा घेऊन परत आलं होतं. 'छावणी हलली. मालक सापडत नाही.' ते मी दिवळीत, कुंकवाच्या करंड्यामागं सरकवून ठेवलं होतं. साखरबाईंनाही बोलले नव्हते.

अनू कडेवरून उतरली. दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरून बसली. भरल्या ओंजळीनं माझ्याकडं वळली.

"आई, आबा म्हनलं हुतं, पानी आलं की सांगा." ओंजळ गळत होती. "कुठं जाऊन सांगायचं?"