वामेचं पाणी

आमच्या अंगणाखालच्या टाक्यात एक वाम होती. माझी बायको दिंका लग्न होऊन या घरात आली तेव्हा माहेरच्या टाक्यातली ती मासळी कळशीत घालून घेऊन आली होती. आमच्या बेटावर तशी रीतच होती. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात उतरतं, वर्षभर तेच प्यायचं, आणि वाम त्यातले किडे-अळ्या खाऊन पाणी निवळ ठेवते. वामेसाठी मागितलेलं पाणी कुणी कुणाला नाकारत नाही. आणि तिला टाक्याबाहेर काढतात ते फक्त घर कायमचं बंद करताना, समुद्रात सोडून द्यायला.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं नीट सांगता येईल की नाही याची मला खात्री नाही.

दिंका दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. पाठीला जखमा झाल्या आहेत. पहिल्याच हिवाळ्यात तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, "मिहो, मला इथून हलवायचं नाही. स्प्लिटच्या इस्पितळातल्या त्या खोल्यांत मरायला पाठवायचं नाही." मी हो म्हणालो. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टींना असं ठाम हो म्हटलं असेल. आणि ‘नाही’ मात्र त्याहूनही थोड्या गोष्टींना.

आमच्या वर पुतण्याने, टोंचीने, मजला चढवला आहे. तो स्वतः झाग्रेबला असतो. मजला मे ते सप्टेंबर पाहुण्यांना, म्हणजे पर्यटकांना, भाड्याने. वरच्या आळीत आता आमच्याखेरीज बारमाही राहणारं कुणी नाही. नळही इथवर पोचलेला नाही. वरच्या मजल्याची प्लास्टिकची टाकी टँकरने भरतात, आमचं टाकं मात्र पावसाचं. दोघांना ऑक्टोबरपर्यंत पुरेल एवढं पाणी मी काठीने मोजून ठेवलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी वरचा पाहुणा खाली आला. उन्हाने भाजलेला, फार सभ्य माणूस. त्याने फोन पुढे धरला आणि फोन आमच्या भाषेत म्हणाला, "वरचं पाणी संपलं आहे. मुलांसाठी थोडं मिळेल का?" मी मान डोलावली. त्याच्या भाषेत दोन शब्द बोलायचे तर माझी जीभ लुळी पडते. मान डोलावणं सोपं.

तीनला आमच्या टाक्यावरचा पंप सुरू झाला. मी दिंकाला वाचून दाखवत होतो.

"पंप कसला?"

"वरच्यांना थोडं पाणी हवंय."

साडेतीन झाले. चार झाले.

"मिहो, अजून चालूच आहे."

"हे पान होऊ दे."

पंपाची घरघर मला ऐकू येत होती, हे लिहायलाच हवं. प्रत्येक पानाशी मी ठरवत होतो की आता उठायचं आणि सांगायचं. कुठल्या शब्दांत सांगावं, म्हणजे उद्धट वाटणार नाही, हे जुळवेपर्यंत पुढचं पान निम्मं व्हायचं. मग पंपाचा आवाज बदलला. घशात हाड अडकल्यासारखा कोरडा झाला.

मी जिना चढून गच्चीवर गेलो. हवा भरलेला निळा हौद काठोकाठ भरला होता आणि चार मुलं त्यात तेल चोपडलेल्या अंगांनी उड्या मारत होती. पाहुण्याने हात हलवला. मीही हलवला. खाली येऊन टाक्याचं झाकण उघडलं, विजेरी धरली. तळाला बोटभर गाळ, आणि त्यात ती काळी, जाड वाम. कल्ले उघडत-मिटत होते.

दुसऱ्या सकाळी पेरिना आली. ती दिंकाची नर्स. बेटाच्या दोन टोकांना तीच एकटी धावते.

"बार्बा, हे काय? बाटल्यांनी जखमा धुऊ मी?" म्हातारा असो वा नावाडी, आमच्याकडे सगळे बार्बाच. "त्या चादरी दिवसातून दोनदा उकळायला हव्यात. दुकानात बाटल्या आठ वाजता संपतात. वरच्या हौदातलं आणू नका हं, त्यात अर्ध्या युरोपाचं तेल आहे!"

"शुक्रवारपर्यंत चालवता येईल? काल रात्रीच टँकरच्या यादीत शुक्रवारसाठी नाव लावलंय."

"कुठल्या शुक्रवारी?"

"पुढच्या."

तिने बोटांवर मोजलं. "नऊ दिवस? नऊ दिवसांत त्या जखमा हाडापर्यंत जातील. उद्या सकाळपर्यंत पाणी मिळवा. नाहीतर दहाच्या बोटीने मी तिला स्प्लिटला नेणार. रागवायचं तर रागवा."

ती गेल्यावर टोंचीला फोन केला. तो म्हणाला, "काका, किती दिवस सांगतोय मी. स्प्लिटला चोवीस तास माणसं असतात. आणि पाहुण्यांना काही बोलू नका हं, चांगला अभिप्राय देतील असं वाटतंय."

येर्को टँकर चालवतो. तो मला धक्क्यावर भेटला, उतरणाऱ्या पाहुण्यांच्या चाकांच्या बॅगा चुकवत सॅंडविच खात होता.

"बार्बा, अकरा बंगले आहेत तुमच्यापुढे. त्यांनी मार्चमध्ये नावं दिली. मी यादी मोडली तर बंगलेवाले मला या बोटीला बांधून ओढतील."

"एक पिंपभर, येर्को."

"सगळे एक पिंपभरच म्हणतात हो."

पेरिनाचं बोलणं, जखमा, हाड, हे सगळं मी घरून जुळवून आणलं होतं. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली आणि मी "बरं, बरं" म्हणून निघालो.

"काय म्हणालास त्याला?" दिंकाने विचारलं.

"मागितलं."

"कसं मागितलंस? माझ्या बाबांकडे मला मागायला आला होतास तसं?" ती हसली, मग कण्हली. "बाबांना वाटलं होतं, शिडी न्यायला आलायस. देऊनसुद्धा टाकली होती त्यांनी."

गुरुवारी सकाळी मी टाक्यात उतरलो. गाळ वाळत चालला होता. त्यात वाम मेली असती. आणि खरं सांगायचं तर मला एक युक्ती सुचली होती. आठ वाजता टँकर आमच्या गल्लीतून बंगल्यांकडे चढतो. मला बोलता येत नाही, पण वाम दाखवता येईल. बादलीत कोरड्या गाळावरची वाम बघून इथल्या कुठल्याही माणसाला आमच्या घराची दशा कळेल, असं मला वाटलं.

मी गल्लीच्या मधोमध बादली घेऊन उभा राहिलो. टँकर थांबला. त्याच्यामागे पाहुण्यांच्या तीन गाड्या थांबल्या आणि हॉर्न वाजवू लागल्या. येर्को ओरडत खाली उतरला, "वेड लागलंय का बार्बा, चिरडले गेला असतात—" आणि त्याने बादलीत पाहिलं.

त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"काढलीत शेवटी," तो हळू म्हणाला. "दिंकामावशीची ना ही? माझी आजी सांगायची."

मी मान डोलावली.

"जड गेलं असेल. पण बरं केलंत बार्बा. असल्या आजारपणात इथे कोण राहणार." त्याने मागचा नळ सोडला. "वामेला मी नाही म्हणणार नाही. धरा." स्वच्छ, गार पाणी बादलीत काठापर्यंत चढलं. वाम एकदम वळली, जिवंत झाली. येर्कोने खिशातून यादी काढली, पेन्सिल थुंकीने ओली केली. "मग शुक्रवारचं तुमचं नाव खोडतो. घर बंद झालं म्हटल्यावर कशाला अडवून ठेवायचं."

तेव्हा कळलं, मी काय केलं होतं ते. नाही, घर बंद केलेलं नाही, पाणी हवंय, ती आत आहे. एवढंच म्हणायचं होतं. मागचे हॉर्न वाजत होते. येर्कोच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि इतक्या भल्या माणसाला तू चुकतोयस असं कसं सांगावं, हे मी जुळवत होतो. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. टँकर वर निघून गेला.

मी बादली आत नेली. दिंकाने मान वळवली. तिची नजर बादलीवर गेली.

"बाहेर काढलीस तिला."

"दिंका, मी फक्त—"

"वचन दिलं होतंस तू."

"हो."

भिंतीपलीकडे मुलं किंचाळत होती. कुणीतरी हौदाचं बूच काढलं असावं; गच्चीच्या पन्हळीतून पाणी धो-धो रस्त्यावर पडू लागलं. आम्ही दोघं ते संपेपर्यंत ऐकत राहिलो.

"बादली जवळ घे," ती म्हणाली. "मळक्या अंगाने बोटीत चढणार नाही मी. तिच्यापुरतं ठेव, बाकीच्याने मला पूस."

मी तिला पुसलं. आधी चेहरा, मग मान, हात, शेवटी पाठ. ती एकदाही कण्हली नाही. बादलीत वीतभर पाणी उरलं.

धक्क्यावर बोटीतून माणसं उतरतच होती. पेरिना "वाट द्या, वाट द्या" ओरडत स्ट्रेचरपुढे चालत होती. बादलीत डोकावून एका बाईने फोटो काढला. मी कडेला वाकून बादली समुद्रात उलटी केली. पाणी पडलं, वाम पडली नाही. तळाला चिकटून बसली होती. हात घालून तिला सोडवावं लागलं. मग ती गेली.

बोट सुटल्यावर दिंकाने डोळे उघडले.

"पंप बंद केलास का?"

मी मान डोलावली.