लिंबोणीवरची पांढरी पिल्लं

मित्रांनो, मी एक जुना, पाठीवर अडकवायचा फवारणी पंप आहे. दौलताबादला अजिनाथच्या गोठ्यात खिळ्याला टांगलेला असतो. सात वर्षं मी कपाशीवर फवारलं, तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. आता माझ्याकडे कुणी बघत नाही. बघूही नये, असंच मला वाटतं.

अजिनाथचे वडील आप्पासाहेब वारले, तेव्हा त्यांची राख नदीत सोडली नाही. अंगणात खड्डा करून त्यात टाकली आणि वर लिंबोणी लावली. त्यांची बायको सारजाबाई पाणी घालताना झाडाशी बोलायची, "अवो, आज लई ऊन हाय बगा." मला आधी हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

यंदा लिंबोणीच्या फांद्यांवर तपकिरी खवले दिसू लागले. पानं चिकट झाली, त्यांवर काजळी धरली, मुंग्यांची रांग लागली. शेजारची सुलेखा रोपवाटिकेत कामाला जाते. तिनं नखानं एक खवला खरवडला, तर खाली ओलसर किडा निघाला.

"मामी, ही खवले कीड. एका जागी चिकटून रस पिती अन् मुंग्या तिला राखतेत. जुन्या ब्रशानं घासा, बुंध्याला तेलकट फडकं बांधून मुंग्या अडवा. मंग ढालकिडे येतील, ते हिला खातेत. औषध मारू नका."

सारजाबाईनं फांदी न् फांदी घासली. खरंच, काही दिवसांनी बारके काळे ढालकिडे आले, कोवळी पालवी फुटली. मग ती फर्दापूरला बहिणीकडे गेली.

त्याच आठवड्यात अजिनाथला फांद्यांवर कापसासारखं पांढरं काही सरपटताना दिसलं. "आयला, आता पांढरी कीड बी पडली!" त्यानं कपाशीचं उरलेलं औषध अंदाजानं दुप्पट ओतलं आणि दांडा हलवला. मी फवारलं. नाही म्हणायची सोय मला नाही.

सुलेखानं मेलेलं एक पांढरं पोर तळहातावर घेतलं. "दादा, ही ढालकिड्यांची पिल्लं व्हती. किडीला खात व्हती."

परत आलेली सारजाबाई एवढंच म्हणाली, "म्हंजी तुझ्या बापाला राखाया आलेलेच मारलेस व्हय?"

पालवी करपली. खवल्याखालची कीड मात्र वाचली, आणि तिला खाणारं आता कुणी उरलं नव्हतं. लिंबोणी शेंड्यापासून वाळत गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्याला खांद्यावर घेण्याआधी झाडाजवळ जा. चिकटलंय ते खरवडून बघा, चालतंय ते कोण आहे हे विचारा. कळलं नाही, तर निदान हात आवरा.

परवा अजिनाथनं ते झाड तोडलं. सारजाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "लाकडं चुलीत घालू नको. त्यास्नी एकदा जाळलंय."